घोटीच्या रस्त्यावर उडालेला दुसरा ईसीएम: नाशिकभोवतीचे सहा दिवस

आधी गाडी कशी आहे ते. लांब व्हॅनच्या चेसिसवर बांधलेलं मोटरहोम, चार सिलिंडरचं २.६ लिटर कॉमन रेल डिझेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, उच्च दाबाचं डिझेल मिळतं ते), सगळी यंत्रणा १२ व्होल्टची. इंजिनासाठी बोनेटखाली ८० अँपिअर-तासाची नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी. फ्रिज, पंखे, दिवे यांसाठी ड्रायव्हर सीटच्या मागे २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, तिचा स्वतःचा बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की चार्जिंग तोडणारं सर्किट, तिच्यातच. छतावर ४०० वॅटचं सोलर. दोन्ही बॅटऱ्या एका व्होल्टेज बघून चालणाऱ्या रिलेने जोडलेल्या, १३.३ व्होल्टला रिले लागतो, १२.८ ला सुटतो. लिथियम लवकर भरावी म्हणून बॉडी बांधणाऱ्याने मूळचा अल्टरनेटर काढून १५० अँपिअरचा रीकंडिशन केलेला बसवून दिलेला.

ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल डबा. पहिला ईसीएम चांदवडहून नाशिककडे येताना गेला होता. ‘डबा खराब निघाला’ एवढ्यावर तेव्हा निदान थांबलं, दुसरा डबा बसला आणि गाडी पुन्हा धावू लागली. त्यानंतर १,४०० किलोमीटर झाले होते.

दिवस पहिला: नाशिक, त्र्यंबकेश्वर, वैतरणेचा रस्ता

सकाळी साडेसातला गंगापूर रोडवरून निघालो. रात्रभर घरच्या प्लगवर असल्याने लिथियम ९७ टक्के भरलेली. त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटर. तिथे गाडी अडीच तास उन्हात उभी होती. सोलरने उरलेले तीन टक्केही भरून टाकले. हा तपशील तेव्हा बिनमहत्त्वाचा वाटला, तिसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लागला.

त्र्यंबकहून वैतरणा जलाशयाच्या बाजूने घोटीला जाणारा रस्ता देखणा आहे. दोन्हीकडे भातखाचरं, लांबवर डोंगरांच्या रांगा. पण पावसाळ्यानंतर त्यावर ठिगळं आणि खड्डे भरपूर. घोटी जवळ आली असताना, ताशी पन्नासच्या वेगात, एका खड्ड्यातून चाक बाहेर आलं आणि इंजिन एकदम बंद पडलं. गचके नाहीत, धूर नाही, ताकद कमी होणं नाही. डिझेल संपतं किंवा फिल्टर तुंबतो तेव्हा गाडी आधी कुरकुरते. इथे कुणी स्विच बंद करावा तसं झालं.

मग जे दिसलं ते क्रमाने: चावी फिरवल्यावर चेक लाइट लागत नव्हता. सेल्फ मात्र जोरात फिरत होता. स्कॅनर ओबीडी कपलरला, म्हणजे गाडीतल्या निदानाच्या सॉकेटला, लावला तर ईसीएम बोलेना. बाकीच्या मॉड्यूलमध्ये यू ०१०० हा कोड, म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. ईसीएमचा २० अँपिअरचा फ्यूज उडालेला. शिवाय दोन बारीक गोष्टी, ज्या सहज नजरेतून सुटल्या असत्या: उजवा पार्किंग बल्ब आणि डॅशबोर्डवरचा यूएसबी चार्जर त्याच क्षणी गेले होते. मोटरहोमच्या आतले, लिथियमवरचे दिवे चालूच होते.

अशा वेळी रस्त्यावर एकच चाचणी करावी. चावी बंद, दोन मिनिटं थांबून ईसीएमचे दोन्ही कपलर काढावेत, त्याच अँपिअरचा नवा फ्यूज घालावा आणि चावी लावावी. फ्यूज टिकला तर शॉर्ट डब्याच्या आत आहे. उडाला तर वायरिंगमध्ये. इथे फ्यूज टिकला. २० च्या जागी ३० चा फ्यूज घालून ‘बघू चालते का’ असं कधीही करू नये. फ्यूजऐवजी बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक जळतो आणि दुरुस्त होण्यासारखा डबाही भंगारात जातो.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी असल्याने दोरी बांधून ओढली नाही, फ्लॅटबेडवर चढवली. गोंदे, विल्होळी, पाथर्डी फाटा करत संध्याकाळी नाशिकमधल्या अंबडला, गॅरेजमध्ये.

दिवस दुसरा: अंबड, कपलरवरची मोजणी

गॅरेजमध्ये पहिली सूचना ‘तिसरा डबा मागवू’ अशीच आली. ती मानली नाही, हा या सहा दिवसांतला सगळ्यात मोलाचा निर्णय. ईसीएम आपणहून क्वचित मरतो. एकाच गाडीत पाठोपाठ दोन गेले तर मारणारा डब्याच्या बाहेर आहे असं धरूनच काम सुरू करावं, आणि तो हाती लागेपर्यंत तिसरा डबा कपलरला लावू नये.

सुरुवात डब्याला येणारी वीज आणि अर्थ, म्हणजे निगेटिव्हकडे परतीची वाट, यांपासून. इथे मल्टिमीटर फसवतो. जाड वायरीतली एक तार शाबूत असली तरी मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब घ्यावा. तो साडेचार अँपिअर ओढतो. वायरिंग डायग्राममध्ये बघून ईसीएमच्या कपलरमधल्या पॉझिटिव्ह पिना आणि अर्थ पिना यांच्यामध्ये तो आळीपाळीने जोडावा आणि बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज बघावं. पिनेत सुई खुपसू नये, पीन रुंदावते आणि नवाच दोष तयार होतो. योग्य मापाची जोडपीन वापरावी. बल्ब पेटलेला असताना बॅटरी आणि पीन यांच्यातला फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा. इथे पॉझिटिव्हला ०.१२, अर्थला ०.०६ भरला. म्हणजे डब्यापर्यंतच्या तारा निर्दोष.

दुपारी डबा उघडला. ॲल्युमिनियमचं कव्हर सीलंटने चिकटवलेलं असतं. हॉट एअर गनने कडेकडेने गरम करत, पातळ पात्याने सोडवायला पाऊण तास लागला. उघडण्याआधी मेन सप्लायची पीन आणि अर्थची पीन यांच्यात ०.८ ओहम आले होते. धडधाकट डब्यात तिथे हजारो ओहम येतात.

आत काय जळलंय ते बघणं हीच खरी उत्तरीय तपासणी. इंजेक्टर चालवणारे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) फुटले असतील तर संशय इंजेक्टरवर किंवा त्यांच्या तारांवर. सेन्सरच्या अर्थचे बारीक ट्रॅक जळले असतील तर इंजिन आणि चेसिस यांच्यातली अर्थ पट्टी गेलेली असते आणि सेल्फचा करंट डब्यातून परत जातो. पिनांवर हिरवा-पांढरा थर असेल तर पाणी. या बोर्डावर यांपैकी काहीही नव्हतं. मॉस्फेट स्वच्छ, पिना चकचकीत. फक्त सप्लाय आत येते तिथला टीव्हीएस डायोड काळा पडून शॉर्ट झालेला, त्याच्याभोवती बोटाच्या नखाएवढा तपकिरी डाग. हा डायोड म्हणजे डब्याच्या दाराशी उभा राखणदार: व्होल्टेजची लाट आली की ती स्वतःच्या अंगावर घेतो. लाट त्याच्या झेपण्यापलीकडची असेल तर तो शॉर्ट होऊन मरतो आणि फ्यूज उडतो.

पहिला डबा फडताळात पडून होता. तोही उघडला. तोच डायोड, तसाच डाग.

आता पार्किंग बल्ब आणि यूएसबी चार्जर का गेले हेही कळलं. एबीएसच्या मेमरीत व्होल्टेज जास्त झाल्याची नोंदही निघाली. ईसीएमसाठी या तक्रारीचा कोड पी ०५६३ आहे, पण असल्या लाटेत तो सापडेलच असं नाही; लाट काही दशांश सेकंदांची असते आणि कोड नोंदला जायला त्याहून जास्त वेळ लागतो. लाट ओसरल्यावरही बॅटरीविना फिरणाऱ्या अल्टरनेटरचं व्होल्टेज थोडा वेळ वरखाली होत राहतं, तेवढ्यात एबीएसने ते टिपलं.

दिवस तिसरा: अंबडच, संशयितांची यादी

लाट अल्टरनेटरकडून आली हे जवळजवळ नक्की होतं. तरीही सकाळचे तीन तास बाकीच्या शक्यता खोडण्यात घालवले, कारण नवा डबा लावल्यावर दुसराच काही दोष निघाला तर सगळं मुसळ केरात.

इंजेक्टर: सोलेनॉइड जातीचे, चौघांचा रेझिस्टन्स ०.४ ओहमच्या आसपास. इतकं कमी मोजताना मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून त्यांचे स्वतःचे ओहम आधी वजा करावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजेक्टरची पीन आणि त्याची बॉडी यांच्यात काहीही वहन नको. १० मेगाओहमच्या वर हवं. ईसीएम इंजेक्टर उघडताना कपॅसिटरमधून ६५ व्होल्टच्या वर झटका देतो आणि सुमारे २० अँपिअर सोडतो, त्यामुळे तिथे गळती असेल तर ड्रायव्हर मॉस्फेट टिकत नाही. हाय प्रेशर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह २.९ ओहम. कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारा ओबीडीच्या ६ आणि १४ नंबर पिनांवर, बॅटरी काढून मोजल्या की दोन टोकांच्या १२० ओहमच्या जोडीमुळे ६० यावेत. इथे एक टोक ईसीएममध्येच असल्याने डबा काढलेला असताना १२० आले. ते बरोबरच आहे. हे ठाऊक नसेल तर माणूस कॅनच्या तारा शोधत बसतो. पाच व्होल्टच्या सेन्सर तारांपैकी एकही बॉडीला लागलेली नव्हती.

मग बॅटऱ्यांकडे. डबा काढलेला असल्याने सेल्फ मारला तरी इंजिन सुरू होणार नव्हतं, म्हणजे क्रँकिंगची चाचणी निवांत करता येणार होती. आधी लिथियमचा मेन स्विच बंद केला आणि रिलेची कंट्रोल वायर काढली, म्हणजे इंजिनाची बॅटरी एकटी पडली. मीटरची काळी पीन बॅटरीच्या निगेटिव्ह बुंध्यावर, लाल पीन इंजिनच्या ब्लॉकवर, आणि पाच सेकंद सेल्फ.

२.७ व्होल्ट! ०.२ च्या आसपास हवं. सेल्फ म्हाताऱ्यासारखा कण्हत फिरला. पहिल्या दिवशी रस्त्यावर तोच जोरात फिरत होता.

तुकड्या-तुकड्याने मोजल्यावर जागा सापडली. बुंधा ते क्लॅम्प ०.०२. चेसिस ते ब्लॉक ०.०८. उरलेलं सगळं निगेटिव्ह केबलच्या चेसिसकडच्या टोकाला, थिंबलमध्ये (केबलच्या टोकावर दाबून बसवलेल्या, बोल्टसाठी भोक असलेल्या धातूच्या तुकड्यात). वरून काळी हीटश्रिंक नीटनेटकी होती. ती कापली तेव्हा आत ३५ चौरस मिलिमीटरची केबल, पण थिंबल ७० ची, हातोडीने ठोकून चपटी केलेली. तारा हिरव्या पडलेल्या, काही तुटून बारीक कांड्यांसारख्या खाली सांडल्या. केबल हाताने ओढली तर सरळ बाहेर आली.

गाडी खड्ड्यात आदळली की ही केबल क्षणभर सुटत होती, म्हणजे इंजिनाची बॅटरी तेवढ्यापुरती गाडीतून नाहीशी होत होती. मग हे महिनोन्‌महिने लक्षात का आलं नाही? कारण लिथियम. लिथियम आयर्न फॉस्फेट भरलेली असताना नुसत्या उभ्या गाडीतही १३.३ व्होल्टच्या आसपास असते. रिले सुटतो १२.८ ला. म्हणजे इंजिन बंद असलं तरी रिले लागलेलाच राहायचा आणि सेल्फला ताकद लिथियम पुरवायची. तिची अर्थ केबल वेगळी, ५० चौरस मिलिमीटरची आणि पक्की. बसवणाऱ्याने लेड-ॲसिडचा हिशेब धरून रिले निवडला आणि त्या रिलेने खराब थिंबल झाकून ठेवली.

संध्याकाळी बीएमएसचं ॲप उघडलं. ‘सेल ओव्हरव्होल्टेज’ या रकान्यात ४१ नोंदी. चार सेलपैकी तिसरा बाकीच्यांच्या पुढे पळत होता: तो ३.६५ व्होल्टला पोचायचा तेव्हा इतर तिघे ३.४२ वर. बेरीज जेमतेम १३.९. पूर्ण पॅक १४.४ ला जायच्या आधीच बीएमएस चार्जिंग तोडत होता. तोडताना तो फक्त चार्जिंगचा मॉस्फेट बंद करतो, डिस्चार्जची वाट उघडी असते. म्हणून गाडीच्या आतले दिवे कधी मिणमिणलेसुद्धा नाहीत आणि ४१ वेळा काहीतरी तुटतंय याचा पत्ता कुणाला लागला नाही.

त्या दिवशी त्र्यंबकहून निघताना लिथियम तुडुंब होती. घोटीजवळ बीएमएसने चार्जिंग तोडलं आणि त्याच क्षणी खड्ड्याने निगेटिव्ह केबल सुटली. अल्टरनेटरचा ढकलला जाणारा करंट जायला जागाच उरली नाही. याला लोड डंप म्हणतात. दोन्हीपैकी एकच घटना झाली तर काही बिघडत नाही, म्हणूनच १,४०० किलोमीटर गाडी चालली.

दिवस चौथा: सातपूर, अल्टरनेटर बेंचवर

नाशिकमध्ये मायको सर्कल नावाचा चौक आहे. ज्या कारखान्यावरून ते नाव पडलं तिथे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. त्यामुळे या शहरात डिझेलचं बारीक काम जाणणारी माणसं आणि चाचणीचे बेंच इतर ठिकाणांपेक्षा सहज मिळतात.

अल्टरनेटर काढून बेंचवर बांधला. ३,००० फेऱ्या, बॅटरी आणि ६० अँपिअरचा लोड, ऑसिलोस्कोपला (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राला) १० पटींचा प्रोब. मग लोड आणि बॅटरी एकदम तोडली. स्कोपवर ७४ व्होल्टचा सुळका आला आणि सुमारे दोनशे मिलिसेकंदांत उतरला. १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आयएसओ १६७५०-२ या मानकात न दाबलेला लोड डंप ७९ ते १०१ व्होल्ट आणि ४० ते ४०० मिलिसेकंद असा धरलेला आहे, म्हणजे हा सुळका त्याच जातीचा. मूळचा अल्टरनेटर जपून ठेवलेला होता. त्याला हेच केलं तर ३३ व्होल्टवर माथा कापला गेला.

फरक रेक्टिफायर प्लेटमधल्या, म्हणजे अल्टरनेटरच्या एसीचं डीसी करणाऱ्या भागातल्या, डायोडचा. मूळच्यात ॲव्हेलांच डायोड असतात, ते ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की स्वतः वाहून लाट दाबतात. रीकंडिशन करताना प्लेट बदलली आणि तिच्यात साधे डायोड आले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, चार्जिंगही दोघांचं उत्तम. ही चाचणी बेंचवर आणि जाणकाराच्या हातूनच करावी. चालू गाडीत बॅटरीची केबल काढून ‘अल्टरनेटर चार्ज करतोय का’ बघायची जुनी सवय कॉमन रेल गाडीत डबा मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

उरलेला दिवस दुरुस्तीचा.

मूळचा अल्टरनेटर परत बसला. १५० अँपिअरची गरज नव्हतीच, कारण रिले काढून त्याजागी ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावला. आता अल्टरनेटरला दिसते ती फक्त लेड-ॲसिड बॅटरी, आणि लिथियमच्या बीएमएसने चार्जिंग तोडलं तरी ते चार्जरच्या पलीकडे घडतं. चार्जरला १६ चौरस मिलिमीटरची केबल, दोन्ही बॅटऱ्यांजवळ ६० अँपिअरचा एकेक फ्यूज, आणि इंजिन चालू असल्याचा सिग्नल घ्यायला १.५ चौरस मिलिमीटरची वायर. चार्जिंगची मर्यादा १४.२ व्होल्ट. सोलरचा कंट्रोलर १४.६ वर होता, तोही १४.२ वर आणला. पुढे पळणारा सेल बाकीच्यांच्या रांगेत यायला बॅलन्सरला रात्रभर वेळ दिला. सकाळी फरक ०.०३ व्होल्ट राहिला होता.

निगेटिव्ह केबल नवी: ५० चौरस मिलिमीटर, त्याच मापाची टिनप्लेट थिंबल, हायड्रॉलिक डायने षटकोनी क्रिम्प, गोंद असलेली हीटश्रिंक. चेसिसवर अडीच सेंटिमीटर व्यासाचा रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत काढला, दातेरी वॉशर घातला, एम ८ चा बोल्ट २२ न्यूटन-मीटरला आवळला, वरून पेट्रोलियम जेली. रंगावरून पत्र्याचा स्क्रू मारून घेतलेली अर्थ कितीही घट्ट वाटली तरी ती अर्थ नव्हे. इंजिन ते चेसिसची पट्टी चांगली होती, तरी तिच्या जोडीला दुसरी दिली. पुन्हा मोजणी, पुन्हा पाच सेकंद सेल्फ: ०.११ व्होल्ट.

दिवस पाचवा: तिसरा डबा, आणि कसारा घाट

नवा डबा घेताना हार्डवेअर नंबर तोच आहे का ते पाहावं. झाकण आणि कपलर सारखे असले म्हणून भागत नाही. पहिल्या डब्याचा टीव्हीएस डायोड बदलून तो बेंचवर जिवंत झाला होता, पण बाजूचे कपॅसिटर आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर यांनीही ती लाट सोसलेली असते. त्याला वाटेत अडीअडचणीला म्हणून गाडीत ठेवला, रोजच्या वापराला नाही.

प्रोग्रॅमिंग करताना गाडीला ५० अँपिअरचा स्वच्छ पॉवर सप्लाय १३.४ व्होल्टवर लावून ठेवला. साधा बॅटरी चार्जर इथे चालत नाही. लेखन चालू असताना व्होल्टेज घसरलं तर नवा डबा अर्धवट लिहिलेला राहतो. चेसिस नंबर, इमोबिलायझरची (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची) जुळवणी, गाडीचं व्हेरियंट, आणि शेवटी प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला सात अक्षरांचा कोड सिलिंडरच्या क्रमाने. हे कोड घालायचे राहिले तरी इंजिन चालतं, पण आयडलला खडखडतं आणि धूर देतं. मग तो दोष इंजेक्टरचा समजून विनाकारण इंजेक्टर काढले जातात.

पहिल्या सेल्फला इंजिन लागलं. अल्टरनेटरवर १४.३ व्होल्ट, मीटर एसीवर ठेवून मोजलेला रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, ०.०४. अर्ध्या व्होल्टच्या वर जाता कामा नये. २,००० फेऱ्यांवर इंजिन ठेवून ॲपमधून लिथियमचं चार्जिंग मुद्दाम तोडलं. इंजिनाकडच्या स्कोपवर १४.३ चं १४.५ झालं आणि परत खाली आलं. असं पाच वेळा केलं.

दुपारी इगतपुरीवरून कसारा घाट उतरून पुन्हा चढणं. नाशिकहून इगतपुरी पंचेचाळीस किलोमीटर, आणि घाटात उतरायचा आणि चढायचा रस्ता वेगळा असल्याने मधे कुठे वळून येता येत नाही. पूर्ण खाली जावंच लागतं. मल्टिमीटर किमान-कमाल नोंदीवर ठेवून ईसीएमच्या फ्यूजला जोडलेला. चढावर पंखा, एसी, हेडलाइट सगळं चालू. कमाल १४.५२, किमान सेल्फ मारतानाचा १०.६. स्कॅनरवर रेल प्रेशरचा मागितलेला आणि मिळालेला आकडा चढभर एकमेकांना चिकटून होते.

परतताना घोटीला महामार्ग सोडून मुद्दाम वैतरणेच्या त्याच रस्त्याला लागलो. तेच खड्डे, तोच वेग, ऊन कलतं. मीटरचा कमाल आकडा हलला नाही.

दिवस सहावा: दिंडोरी, वणी, सापुतारा

द्राक्षबागांमधून दिंडोरी, पुढे वणी. सप्तशृंगी गडाचा घाट नांदुरीहून दहाएक किलोमीटरचा आहे. नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, पण त्या दिवशी वाट मोकळी होती. वळणं आवळ असल्याने मोटरहोमला दुसऱ्या गियरमध्येच राहावं लागतं, इंजिन तापतं आणि बोनेटखालच्या तारांची खरी परीक्षा होते. गडावर पोचताच इन्फ्रारेड थर्मामीटरने नवी थिंबल मोजली: शेजारच्या चेसिसपेक्षा दोन अंशांनी गरम. कच्चा जोड इतक्यात हात लावू देत नाही.

सापुताऱ्याला मुक्काम. सोलर आणि चार्जर दोघांनी मिळून लिथियम ९९ टक्क्यांवर आणली. ॲपमध्ये ओव्हरव्होल्टेजच्या नोंदी ४१ च. मुद्दाम तोडलेलं चार्जिंग त्या रकान्यात धरलं जात नाही. चारही सेल ३.५४ ते ३.५६.

जाण्याआधी कामाच्या वहीत शेवटची नोंद केली: ५०० किलोमीटरवर चेसिसचा बोल्ट पुन्हा २२ न्यूटन-मीटरला तपासणे, बॉडीवर पुढे कधी वेल्डिंग करायचं झालं तर आधी दोन्ही बॅटऱ्यांची केबल आणि ईसीएमचे दोन्ही कपलर काढणे, २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंप स्टार्ट घेणे नाही. ही नोंद सनवायझरच्या मागे चिकटवली आहे, गाडी कुणाच्याही हातात गेली तरी दिसेल अशी.